साईराजच्या पट्ट्याचं लॉक

आमच्या रोहा-पेणकडे ‘बेस’ म्हणजे छान. कालवण बेस झालं, सोयरीक बेस जमली, औषध बेस लागू पडलं. अशा भागात जन्माला येऊन साईराज मोकलने वाजवायला बेस गिटार निवडली, इथूनच त्याचं सगळं बिनसलं. बासरी निवडली असती तर सुखात राहिला असता.

नूतनला बघायला पेणला गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. मला सोबत नेलं होतं, कारण साईराजला अनोळखी माणसांत दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत आणि मला गप्प बसता येत नाही. पोहे झाले. नूतनचे वडील शिवामामा समोर मांडी घालून बसले होते. धाटावच्या कंपनीत नोकरी, रोह्याजवळ वरशाला स्वतःचं घर, हे सगळं त्यांना पटलं होतं.

“आनि बाकी काय करता?” त्यांनी विचारलं.

“बँजो पार्टीत हाय. बेस वाजवतो.”

“ते बेसच वाजवत असाल. पन वाजवता काय?”

“बेस,” साईराज म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा निर्व्यसनी आहे, पण आपल्या तोंडाने आपलीच तारीफ करतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, “गिटार वाजवतो, मामा. चार तारांची.” त्यावर मामी आतून म्हणाल्या, “दोन तुटल्या का काय?” तरीही लग्न जमलं. पण जावई नक्की काय वाजवतो हा प्रश्न त्या घरात तसाच राहिला. पुन्हा विचारलं तर जावई पुन्हा ‘बेस’ म्हणेल, या भीतीने तो कोणी काढलाच नाही.

त्यांचीही चूक नाही. आमची ‘झुळूक बँजो पार्टी’ म्हणजे एक टेंपो, त्यावर माणसाच्या दीडपट उंचीचे स्पीकर, आणि त्यांच्या पुढ्यात जांभळे कोट घातलेले आम्ही. हळद, वरात, साखरपुडा, गणपती, सगळीकडे आम्ही असतो. झुळूक हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका. नितेश बँजो वाजवतो, तो पार्टीचा मालक. बँजो थेट कानात घुसतो. ऑक्टोपॅड पायात घुसतो. मी प्रविण, कीबोर्ड वाजवतो, माझ्याकडे बायका बघतात असं माझं मत आहे. साईराज मागे उभा राहून त्या लांबलचक गिटारीतून ‘डुंम डुंम’ काढतो. ते कुठे घुसतं, कोणालाच माहीत नव्हतं.

त्याला मात्र त्याचं केवढं वेड! स्वतःच्या वरातीत हा पठ्ठ्या घोड्यावर बसला नाही. मुंडावळ्या बांधून टेंपोत उभा राहिला आणि पेणच्या बाजारातून स्वतःच्याच वरातीला बेस देत गेला. रिकामा घोडा पुढे चालला होता. त्या दिवशी शिवामामांची छाती फार धडधडली. मुलगी सासरी चालली म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. पण पुढे नागोठण्याला नातेवाइकांच्या हळदीत पुन्हा धडधडली, पेणला पुतण्याच्या वरातीत पुन्हा. डॉक्टर झाले, कार्डिओग्राम झाला, काही निघालं नाही. मामांनी आपल्या मनाने वडे-मटण सोडलं आणि दुधीभोपळा धरला. बोलता बोलता छातीवर तळवा ठेवायची त्यांना सवयच लागली.

आता गिटारकडे येतो. बेस गिटार चांगली चार-साडेचार किलोची असते. तिच्या दोन टोकांना दोन छोटी बटणं असतात, खांद्यावरच्या पट्ट्याच्या टोकांना भोकं असतात. भोकात बटण अडकवायचं, बस. नवा पट्टा असेपर्यंत हे ठीक असतं. साईराजचा पट्टा जुना झाला, भोकं सैल झाली, आणि साईराजला वाजवताना कमरेतून वाकायची खोड. वाकला की बटण भोकातून निसटायचं.

पहिल्यांदा गिटार पडली ती नागोठण्याच्या एका वरातीत. टेंपोच्या पत्र्यावर पडली आणि आठही स्पीकरमधून असा काही आवाज निघाला की वरातीतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. नवऱ्याचा काका पुढे येऊन म्हणाला, “तो मगासचा आयटम परत घ्या.” दुसऱ्यांदा रोह्यात, साखरपुड्याला. या वेळी ती नितेशच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. नितेश तेव्हा माइकवर गात होता. त्याने जी किंकाळी मारली ती लोकांना गाण्यातलीच वाटली, टाळ्या पडल्या. पण नितेशला काही त्या टाळ्या गोड लागल्या नाहीत.

अंगठ्याला पट्टी बांधून त्याने निकाल दिला. “साई, आता तिसऱ्यांदा पडली तर बेस बंद. पव्याच्या कीबोर्डात बेस हायच. त्याच्या डाव्या हाताला तसं काय काम असतं?”

माझ्या डाव्या हाताला काय काम असतं? चहाचा ग्लास कोण धरतं? मोबाईल कोण बघतं? उन्हात छत्री कोण सांभाळतं? इतक्या वर्षांत माझ्या कलेवर एवढा घाव कोणी घातला नव्हता. साईराजची जागा वाचवणं हे त्या क्षणापासून माझं कर्तव्य झालं.

साईराज मात्र वेगळ्याच कारणाने खचला होता. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला.

“प्रविणदादा, मला काढतील त्याचं काय नाय,” तो म्हणाला. “पन काढल्यावर कोनाला कळनारबी नाय. त्याचं वाईट वाटतं.”

मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. पार्टीतून बँजो गेला तर मिनिटात बोंब होईल. बेस गेला तर लोक नाचत राहतील, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, “पडूच द्यायची नाय. चल, लॉक घेऊ.”

आणि इथे एक सांगायलाच हवं. साईराज कंपनीत सेफ्टी कमिटीवर आहे. उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याचा हूक तो स्वतः ओढून बघतो. “आधी हूक, मग पाऊल” हे त्याचं घोषवाक्य त्याने धाटावच्या गेटवर रंगवून घेतलंय. घरी नूतन पंखा पुसायला स्टुलावर चढली तरी हा खालून ओरडतो, “आधी हूक!” अशा माणसाची गिटार भर वरातीत पडते, यावर कंपनीच्या बसमध्ये किती हसले असतील ते तुम्हीच समजा. त्यामुळे लॉक घेणं ही त्याच्या दृष्टीने खरेदी नव्हती, ती इज्जतीची बाब होती.

पहिलं दुकान रोह्याच्या बाजारातलं हार्डवेअरचं. साईराजने आपल्या पद्धतीने मोजकं सांगितलं, “पट्ट्याला लॉक पायजे.”

दुकानदाराने गळ्याचे पट्टे आणि साखळ्या काउंटरवर मांडल्या. “किती मोठा हाय?”

“साडेचार किलो.”

“म्हंजे पिल्लूच हाय. चावतो का?”

“नाय, वाजतो.”

दुकानदाराने पट्टे परत उचलायला सुरुवात केली. मी मध्ये पडून गिटार, बटण, भोक असं सगळं समजावलं. त्याने आम्हाला सुतळीचा एक गुंडा दाखवला. साईराज म्हणाला, “सुतळीला टेस्ट सर्टिफिकेट हाय का?” तिथून आम्ही निघालो, कारण दुकानदार आता काहीतरी जड वस्तू शोधत होता.

दुसरं दुकान सईदभाईंचं. सईदभाई बरीच वर्षं आखातात होते, आता रोह्यात बॅगा, चामड्याचे पट्टे आणि चेन दुरुस्त करतात. त्यांनी पट्टा हातात घेतला, भोकातून एक डोळा लावून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बटन मोठा कर, नायतर भोक ल्हान कर. दुनियेत तिसरा इलाज नाय.”

“आनि बटनवर रबर लावला तर?”

“तो बटन मोठा करनंच झालं ना रे, येड्या.”

त्यांनी गोटी सोड्याच्या बाटलीतलं एक रबरी कडं काढून दिलं. बटणात पट्टा अडकवायचा आणि वरून हे कडं चढवायचं, की पट्टा निसटत नाही. मग मोबाईलवर शोधून त्यांनी आणखी दोन प्रकार दाखवले. एक प्लॅस्टिकची चकती, बटणावर बसवून फिरवायची. दुसरं पूर्ण लोखंडी: गिटारचं जुनं बटण काढून त्याचं बटण बसवायचं, पट्ट्याच्या टोकाला त्याचा जोडीदार नटाने आवळायचा, आणि दोघं एकमेकांत सरकवले की आतली पिन ‘टक्’ करून बसते. काढायचं असेल तर वरची छोटी टोपी ओढायची. सईदभाई म्हणाले, “आखातात माज्या शेजारच्या खोलीत एक फिलिपिनी होता, त्याच्याकडं ह्योच होता. मानूस पडला पन गिटार नाय पडली.”

साधा माणूस असता तर तिथेच ठरवून मोकळा झाला असता. साईराजने तिन्ही प्रकार मागवले आणि म्हणाला, “आता लोड टेस्ट.” कंपनीचा नियम असा की जी वस्तू वजन धरणार तिला दुप्पट वजन टांगून बघायचं. गिटार साडेचार, म्हणून नऊ किलो तांदूळ.

वरशाच्या त्याच्या ओटीवर झोपाळ्याची कडी आहे. तिला पट्टा टांगला. गिटारवर प्रयोग करायचा जीव होईना, म्हणून लग्नात मिळालेल्या पाटाच्या दोन टोकांना बटणं ठोकली आणि पाटाला तांदळाची पिशवी बांधली. ओटीखाली अंगणात नूतनने जुन्या साडीवर पापड वाळत घातले होते. पेणची मुलगी, तिच्या हातचे पोह्याचे पापड मागून नेतात लोक.

“ते पापड उचल गो,” साईराज म्हणाला. “डेंजर झोन हाय.”

“ओल्या पापडाला हात लावू? तुमी तुमचा झोन उचला,” नूतन म्हणाली आणि आत गेली.

रबरी कड्याने वजन बेस धरलं. साईराजचा चेहरा खुलला. पण साईराज वाजवताना वाकतो, म्हणून त्याने पाटालाही झुलवून बघायचं ठरवलं. एक झोका, दोन झोके. तिसऱ्याला कडं उडालं, आणि पाट, तांदूळ आणि आमच्या आशा सगळं पापडांवर जाऊन पडलं. नूतन बाहेर आली. तिने पापडांकडे पाहिलं, तांदळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“पडलं ना? आता याचं तुमच्या कंपनीत काय करतात?”

“चौकशी,” साईराज बारीक आवाजात म्हणाला.

“करा मंग. तांदूळ निवडता निवडता करा.”

आम्ही दोघांनी तांदळातून पापड आणि पापडातून तांदूळ वेगळे केले. प्लॅस्टिकच्या चकतीने झोकेही सहन केले, पण साईराजने ती “अजून जरा” म्हणत इतकी आवळली की तिचा कान तुटला. राहिलं लोखंडी. त्याला नऊ किलो लावले, झुलवलं, चौदा किलो लावले, शेवटी साईराज स्वतः पाटावर बसून झोका घेऊ लागला. हललं नाही. मला वाटलं, सुटलो.

“याचा नट ढिला होईल,” साईराज झोका घेता घेता म्हणाला.

“कशावरून?”

“कंपनीत जिथं थरथर तिथं नट ढिला. आनि दादा, आपल्या स्पीकरसमोर थरथर सोडून दुसरं हाय काय?”

हे बाकी खरं होतं. दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना तो एका फिटरकडून नट जाम करायचं लाल औषध बाटलीच्या झाकणात घेऊन आला. अशा औषधाचे दोन रंग असतात. निळं लावलेला नट पान्याने परत निघतो, लाल लावलेला सहसा निघत नाही. फिटरने विचारलं होतं, “परत उघडायचा हाय का?” त्यावर या शहाण्याने सांगितलं, “उघडायलाच नको, म्हनून तर घेतोय.” एक थेंब पुरे असतो. साईराजने लॉक गिटारला बसवलं आणि सेफ्टी म्हणून झाकणभर ओतलं. नटावर ओतलं, बटणावर ओतलं, आणि टक् करून बसवून ठेवलेल्या पिनेवरही ओघळलं. तो ओघळ आम्ही पाहिला नाही. आम्ही पापड खात होतो.

एवढ्यावरही तो थांबला नाही. कंपनीत म्हणे एक हूक सुटला तर दुसरा लागतो. म्हणून नूतनकडून त्याने पट्टा जांभळ्या कोटाच्या खांद्यावर, सोनेरी झालरीखाली, दुहेरी दोऱ्याने शिवून घेतला. आता गिटार पट्ट्याला, पट्टा कोटाला, आणि कोट साईराजला. कोट घालताना गिटारसकट घालायचा. “पडून दाखवच,” असं तो गिटारीला म्हणाला.

आणि मग आली गणेशची हळद. गणेश म्हणजे नूतनचा भाऊ, म्हणजे हळद साईराजच्या सासुरवाडीला, पेणला. मे महिना. नितेशने टेंपो लावतानाच बजावलं, “साई, सासुरवाडी म्हनून सूट नाय. पडली की संपला.” साईराजने नुसती गिटार ओढून दाखवली. कोट ताणला, साईराज ताणला, गिटार जागची हलली नाही.

वाजायला सुरुवात झाली आणि आळीतली माणसं अंगणात उतरली. साईराज वाकला, उड्या मारल्या, एकदा तर गुडघ्यावर बसला. नितेश अंगठा मागे घेऊन बघत होता. काही झालं नाही. शिवामामा लांब, मांडवाच्या खांबाशी खुर्ची टाकून बसले होते. तळवा छातीवर आणि पुढ्यात दुधीच्या भाजीची वाटी.

मग मामींनी हाक दिली, “जावयांना बोलवा गो, मान द्यायचाय.” जावयाला पाटावर बसवून हळद लावायची, टॉवेल-टोपी द्यायची. साईराज टेंपोतून उतरला आणि गिटार काढायला त्याने लॉकची टोपी ओढली.

निघेना. त्याने दुसरी ओढली, ती त्याहून निघेना. मी ओढून पाहिली. ऑक्टोपॅडवाल्याने पक्कड आणली, लॉक काही ढिम्म हललं नाही.

“कोट काढ ना मंग,” मी म्हटलं.

साईराजने माझ्या कानाशी तोंड आणलं. “आत काय नाय.”

“म्हणजे?”

“उकडतं म्हनून बनियन नाय घातली.”

पन्नास बायका समोर, सासूच्या हातात हळदीचं ताट, आणि जावई उघडा? शक्यच नव्हतं, आणि शिवण उसवायला नूतन त्या गर्दीत सापडेना. नितेशने वैतागून गिटारची वायर उपटली, कोणी अडखळू नये म्हणून, आणि म्हणाला, “जा तसाच. पव्या, डावा हात चालू कर. ह्या निमित्तानं बघूनच घेऊ.”

मी डाव्या हातातला चहा खाली ठेवला. कसं वाजवलं ते माझं मला ठाऊक. नाचणारी माणसं आधी हळू झाली, मग एकेक जण कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एकाने येऊन विचारलं, “जनरेटरचा काय प्रॉब्लेम हाय का?”

तिकडे साईराज गिटारसकट पाटावर बसला होता. गिटारचा दांडा करवल्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने तो उभा धरला होता. मामींनी त्याच्या गालांना हळद लावली, थोडी गिटारलाही लावली, कारण ती मधेच होती. शिवामामा टोपी घेऊन उठले, जावयासमोर आले, आणि हात वर करून तसेच थांबले. टोपी खाली पडली. त्यांनी तळवा छातीवर ठेवला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

“नूतनची आय,” ते म्हणाले, “माजी धडधड बंद झाली गो.”

एकच गोंधळ उडाला. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा आणला, मामींनी रडायला सुरुवात केली. मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. साईराजला कंपनीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग दिलेलं आहे. तो झेपावला, पण मामांना आडवं करून छाती दाबायला गेला की मध्ये गिटार. पाठीवर टाकली, ती परत पुढे आली.

“मामा, पडा तुमी!”

“पडू कशाला? उभा हाय मी, दिसत नाय?”

साईराज थांबला. उभ्या माणसाची धडधड बंद कशी? आणि मग त्याच्यातला सेफ्टीवाला जागा झाला. चौकशीशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असं ते लोक शिकतात.

“मामा, बंद कधी झाली?”

“आता. तू पाटावर बसलास तवा.”

“आनि चालू कधी झालेली?”

“तुमचा टेंपो लागला तवा.”

“त्याच्या आधी कधी?”

“पुतन्याच्या वरातीत. त्याच्या आधी नागोठन्याला, हळदीत. आनि पयल्यांदा तुज्याच वरातीत. काय जोराची धडधड, वाटलं लेक चाललीय म्हनून...”

साईराजने माझ्याकडे पाहिलं. मी नितेशकडे पाहिलं. साईराज टेंपोपाशी गेला, लोंबणारी वायर उचलून गिटारीत घातली आणि सगळ्यात जाड तार एकदा छेडली.

डुंम.

“हां!” मामा ओरडले. “चालू झाली!”

साईराजने तारेवर तळवा ठेवला.

“बंद झाली!”

डुंम. “चालू!” तळवा. “बंद!” डुंम. “चालू झाली गो, चालू झाली!”

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं, पण साईराज हसत नव्हता. हळदीने पिवळा झालेला तो चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं तो जे वाजवत होता ते कुठे घुसतं, ते त्याला आता समोर उभं दिसत होतं.

मामांना उमजायला जरा वेळ लागला. त्यांनी छातीवरचा हात काढला, गिटारीकडे बोट केलं. “म्हंजे... ह्ये तू व्हय रे?”

“व्हय, मामा. ह्योच बेस.”

“दोन वर्षं!” मामा गरजले. “दोन वर्षं दुधी खाल्ला मी तुज्यापायी!” आणि मामींकडे वळून, “वाढ गो वडे! बघतेस काय?”

वडे आले. मामांनी आपली खुर्ची खांबापासून उचलून थेट मोठ्या स्पीकरसमोर आणून टाकली, एका हातात वडा, दुसरा छातीवर. “आता वाजवा,” म्हणाले. आम्ही वाजवलं. कमरेवर हात ठेवून उभी असलेली माणसं पुन्हा हलायला लागली. जनरेटरचं विचारणारा माझ्याकडे बघून म्हणाला, “झाला का दुरुस्त?” मी म्हटलं, झाला.

गाणं संपल्यावर नितेशने माझा खाली ठेवलेला चहा उचलला आणि माझ्या डाव्या हातात दिला. एवढंच. तिसऱ्यांदा पडण्याचं त्याने पुन्हा तोंडातून काढलं नाही.

वाजवणं आटपल्यावर नूतनने नवऱ्याला आतल्या खोलीत नेऊन खांद्याची शिवण उसवली, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. लॉक आजतागायत उघडलेलं नाही. पट्टा निघत नाही म्हणून गिटार तिच्या पेटीत मावत नाही, साईराज तिला चादरीत गुंडाळून नेतो. सईदभाईंनी ते लॉक पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, “तुज्या कंपनीत कदी काय पडनार नाय रे बाबा, पन उघडनारबी काय नाय.”

गणेशच्या वरातीत मामा टेंपोच्या मागोमाग, बरोबर साईराजच्या पुढ्यात चालत होते. नागोठण्याचे एक पाहुणे सोबत होते. मामांनी त्यांना अभिमानाने दाखवलं, “ह्यो आमचा जावई. बेस वाजवतो.”

“ते बेसच वाजवत असतील,” पाहुणे म्हणाले. “पन वाजवतात काय?”

साईराजने समजावून सांगायला तोंड उघडलं. मामांनी त्याला गप्प केलं, पाहुण्यांचा हात धरला आणि तो त्यांच्याच छातीवर नेऊन घट्ट दाबून ठेवला.

“वाजव रे,” ते म्हणाले.